पाटी पुसण्याआधी

गेल्या महिन्यातली गोष्ट. मंगळवार होता. परिपाठ संपला, रांगा आपापल्या वर्गात गेल्या, आणि पाचवीतली दोन पोरं धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली. ‘‘बाई, बाई, तीन नंबरला उचकी लागलीय!’’

तीन नंबर म्हणजे आमच्या शाळेतला तिसरा कॉम्प्युटर. असे सहा आहेत आमच्याकडे. जाऊन बघते तर खरंच! पडदा काळा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, ‘नो बूटेबल डिव्हाइस’. म्हणजे, ‘मला सुरू व्हायचंय, पण कशावरून सुरू होऊ तेच सापडत नाही’. आणि पेटीतून आवाज येतोय, टक्... टक्... जरा थांबून पुन्हा टक्. मी पहिल्यांदा तो बंद केला आणि वायरही काढली. पोरांना वाटलं, बाई घाबरल्या. घाबरलेच होते मी!

का, ते सांगते. जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ७२०० फेऱ्या मारतात. करा बरं भागाकार, सेकंदाला किती होतात? १२०. त्या तबकडीच्या अगदी जवळून, तिला न टेकता, एक बारीकशी सुई फिरत असते आणि ती वाचते, लिहिते. त्या सुईला आपली जागा सापडेनाशी झाली की ती परत परत मागे येते, तोच तो टक् आवाज. अशा वेळी ‘एकदा बंद करून चालू करून बघू, आणखी एकदा बघू’ असं करत बसलं तर तबकडी आणखी खराब होऊ शकते. म्हणून आधी बंद!

आता त्या डिस्कवर होतं काय? आमच्या मुलांचा एक उपक्रम आहे, ‘गंगेच्या आठवणी’. नाशिकबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. ‘‘कुठे चाललात?’’ ‘‘गंगेवर.’’ पुराचं मापही आमचं वेगळंच. पाणी किती मीटर चढलं ते नंतर, आधी विचारायचं, ‘‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?’’ कमरेला, छातीला की डोक्यावरून गेलं? तर आमच्या मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना, शेजारच्या काका-मावशींना विचारून १९६९ च्या महापुराच्या, २००८ च्या पुराच्या, अगदी २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराच्याही आठवणी त्यांच्याच आवाजात घेतल्या होत्या. बारा जणांचे आवाज होते. त्यातला बारावा आवाज एका मुलाच्या आजोबांचा. जानेवारीत घेतलेला. आणि जूनमध्ये आजोबा गेले.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर घेतलं असेल ना, मग मोबाइलमध्ये असेलच की! नव्हतं हो. कॉम्प्युटरवर उतरवल्यावर मोबाइलमधलं पुसून टाकायचं, म्हणजे जागा मोकळी होते, असं मुलांना मीच सांगितलं होतं. आता काय बोलायचं?

तरी एक धीर होता. मागच्या दिवाळीच्या सुटीत मी तीन नंबरची ‘इमेज’ काढून ठेवली होती. इमेज म्हणजे चित्र नव्हे बरं का. समजा, तुमची २०० पानांची वही आहे. मैत्रिणीने त्यातले धडे आपल्या वहीत उतरवून घेतले, तर ती झाली साधी नक्कल, म्हणजे बॅकअप. पण तिने कव्हरापासून शेवटच्या पानापर्यंत, अनुक्रमणिका, समास, कोपऱ्यात काढलेला वाघ, सगळ्यासकट हुबेहूब वही तयार केली, तर ती झाली इमेज. इमेजमध्ये तुमच्या फायली असतातच, शिवाय विंडोज असतं, सगळे प्रोग्रॅम असतात, आणि कॉम्प्युटर सुरू कसा करायचा ही डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेली माहितीही असते. म्हणून ती नव्या डिस्कवर उतरवली की जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा उभा राहतो. निदान तशी अपेक्षा असते!

मी क्लोनझिला नावाचा प्रोग्रॅम वापरते. तैवानमध्ये तयार झालेला आहे आणि फुकट आहे. तो पेनड्राइव्हवरून सुरू होतो, म्हणजे विंडोज झोपलेलं असतं आणि हा निवांतपणे डिस्कची नक्कल काढतो. हुशार आहे, मोकळी पानं उतरवत बसत नाही. आमची डिस्क ५०० जीबीची, पण भरलेला भाग साधारण ९० जीबी, तो दाबून दाबून इमेज झाली ५० जीबीची.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्त करणारे भाऊ आले. त्यांनी कान लावून ऐकलं, डिस्क तपासायचा एक प्रोग्रॅम चालवला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, काही सेक्टर गेलेत. पण पूर्ण मेली नाही. इमेज आहे ना तुमच्याकडे? मग हिच्यावरच उतरवू, अर्ध्या तासाचं काम. चालली तर चालली, नवीन डिस्कचा खर्च वाचेल.’’ मोठे सरही म्हणाले, ‘‘बघा बाई, खर्च वाचत असेल तर वाचवा.’’

मी म्हटलं, ‘‘भाऊ, थांबा.’’

मुलांनो, इथे जरा माझ्याबरोबर विचार करा. दिवाळीत काढलेला तुमचा फोटो घ्या. जानेवारीत पडलेला दात त्या फोटोत कुठे असेल? तोंडातच की! कारण फोटोला जानेवारी माहीतच नाही. इमेजचंही तसंच. माझी इमेज दिवाळीची. तिच्यात अकरा आवाज. बारावा, आजोबांचा आवाज, जानेवारीचा. तो इमेजमध्ये नाहीच. तो असला तर फक्त त्या उचकी लागलेल्या डिस्कवर असणार. आणि इमेज उतरवताना प्रोग्रॅम काय करतो? आधीची पाटी पुसून तिच्यावर नव्याने लिहितो. हरवलेली फाइल शोधायच्या नादात आपणच तिच्यावरून ओला बोळा फिरवायचा, असला प्रकार!

म्हणून जुनी डिस्क काढली, पिशवीत घातली, वर चिठ्ठी चिकटवली, ‘हात लावू नये’, आणि कपाटात कुलूपबंद केली. नवीन डिस्क आणायची ठरलं. मोठ्या सरांनी जरा तोंड वाकडं केलं, पण आजोबांची गोष्ट सांगितल्यावर काही बोलले नाहीत.

भाऊंनी नवीन एसएसडी आणली. हिच्यात तबकडी नाही, सुई नाही, आवाज नाही. बसवली, पेनड्राइव्ह लावला, इमेज असलेली बाहेरची डिस्क जोडली, सुरू केलं. आणि पहिलाच दणका. लाल अक्षरं! क्लोनझिला म्हणतो, नवीन डिस्क लहान आहे.

‘‘बाई, ५० जीबीची इमेज आणि डिस्क ४८० जीबीची. मग लहान कशी?’’ पोरांचा प्रश्न अगदी बरोबर. पण इमेजला नुसता मजकूर नाही, मूळ वहीची पानंही लक्षात असतात. ‘मी २०० पानांच्या वहीची नक्कल आहे, मला निदान २०० पानं द्या’ असा तिचा हट्ट. मूळ डिस्क ५०० ची, नवीन ४८० ची. झालं! अगदी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ‘५०० जीबी’ डिस्क घेतल्या तरी एखादी चिमूटभर लहान निघू शकते आणि तेवढ्यावर गाडी अडते.

हा धडा ठळक करून ठेवा. मापाची तक्रार आली तर ती दामटून पुढे ढकलायचे उपाय क्लोनझिलात आहेत. ‘माप तपासू नको’ असं त्याला सांगता येतं. पण मोठी खोली लहान घरात कोंबली तर भिंत कुठेतरी फुटतेच. शेवटच्या पानांवर काही लिहिलेलं असेल तर ते गेलं. खरा उपाय दोनपैकी एक. इमेज काढण्यापूर्वीच मूळ डिस्कवरचा विभाग आखडून लहान करायचा, किंवा तेवढीच अथवा मोठी डिस्क घ्यायची. पहिला उपाय आमच्या हातातून गेला होता. भाऊंनी दुकानात जाऊन ४८० ची परत केली आणि ५१२ ची आणली. ५०० पेक्षा १२ जास्त. ती मोकळी पडली तरी बिघडत नाही.

(जाता जाता एक कोडं सोडवून टाकू. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबीच का दिसते? दुकानदाराने फसवलं का? नाही हो. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. तीनदा भागा, ५०० अब्जाला १०२४ ने, परत १०२४ ने, परत १०२४ ने. उत्तर ४६५ च्या थोडं पुढे येतं. वडिलांना कॅल्क्युलेटरवर करायला लावा!)

आता दुसरी गोष्ट, आणि ही माझ्या मते सगळ्यांत धोक्याची. उतरवण्याआधी क्लोनझिला विचारतो, कुठल्या डिस्कवर उतरवू? तिथे ‘तीन नंबर’ अशी प्रेमळ नावं नसतात. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ असली नावं असतात. चुकून इमेजच जिच्यात आहे ती डिस्क निवडली तर? नकलेवरच बोळा! म्हणून आम्ही श्रुतलेखन केलं. एका मुलीने पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली, ‘‘एसडीए, ५१२ जीबी.’’ दुसऱ्याने वहीत लिहिलं. मी डिस्कवरच्या कागदावर कंपनीचं नाव आणि आकडा पाहिला. तिन्ही जुळलं तेव्हाच ‘वाय’ दाबलं. क्लोनझिला ‘नक्की ना?’ हे दोनदा विचारतो. मोठी माणसं दोन्ही वेळा न वाचता ‘वाय’ दाबतात. मीसुद्धा दाबलेलं आहे पूर्वी.

पण इमेज उतरलीच नाही. का? उतरवण्यापूर्वी ‘इमेज धडधाकट आहे का ते तपासू का?’ असं तो विचारतो. आम्ही हो म्हटलं. इमेजचे तेरा तुकडे होते. सात तुकडे नीट गेले आणि आठव्याला पुन्हा लाल ओळ, ‘इनव्हॅलिड कॉम्प्रेस्ड डेटा’. म्हणजे, ‘यात जे लिहिलंय ते मला उलगडत नाही’.

तुकडे कशाला, असं कुणी विचारलंच. बरेच पेनड्राइव्ह अजूनही ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीने आखलेले असतात. तिथे एका फाइलची लांबी ३२ अंकांच्या, म्हणजे ० आणि १ अशा अंकांच्या, आकड्यात लिहायची असते. तो मोठ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ४ जीबीला एक कमी! त्याहून मोठी फाइल तिथे मावतच नाही. कितीतरी लोकांना पेनड्राइव्हवर भरपूर जागा दिसते, तरी कॉपी होत नाही, ती याच कारणाने. म्हणून क्लोनझिला आधीच ४-४ जीबीचे तुकडे पाडतो.

तर आठवा तुकडा. आकार पाहिला, पुरता ४ जीबी. तारीख बरोबर. मग बिघडलं कुठे? मला आठवलं. दिवाळीत ही इमेज घरच्या लॅपटॉपवरून शाळेच्या डिस्कवर घेत होते, तेव्हा मध्येच वायर निघाली होती. परत लावल्यावर कॉम्प्युटरने विचारलं, ‘आधीच आलेल्या फायली सोडून देऊ का?’ आणि मी म्हटलं, ‘दे सोडून’. आठव्या तुकड्यासाठी जागा तेवढी आखली गेली होती, मजकूर अर्धाच आला होता. वरून बघितलं तर गोणी भरलेली, आत अर्धा भुसा!

हे कसं ओळखायचं? बेरजेचा पडताळा कसा घेता तुम्ही? तसंच. प्रत्येक तुकड्यातल्या सगळ्या अंकांवर एक ठरलेलं गणित करायचं, जे उत्तर येईल त्याला म्हणतात चेकसम. मूळ तुकड्याचं आणि नकलेचं उत्तर जुळलं तर नक्कल बरोबर. साधी अंकांची बेरीज घेऊन मात्र भागत नाही. ३४७ ची बेरीज १४ आणि ३७४ चीही १४. अंकांची अदलाबदल झाली तर पत्ता लागणार नाही. म्हणून गणित जरा अवघड ठेवतात.

एक खेळ देते. बिस्किटाच्या पुड्यावर पट्ट्यापट्ट्यांखाली तेरा अंक असतात, आपल्याकडे ते बहुतेक ८९० ने सुरू होतात. पहिला, तिसरा, पाचवा असे सगळे विषम जागेवरचे अंक मिळवा. दुसरा, चौथा, सहावा असे सम जागेवरचे मिळवून तिनाने गुणा. दोन्हींची बेरीज करा. शेवटी शून्य आलंच पाहिजे! ८९०१२३४५६७८९० घेऊन बघा, १३० येतात. आता त्यातले शेजारचे दोन अंक उलटे लिहा आणि परत करा. बहुतेक वेळा चूक पकडली जाते, पण काही जोड्या निसटतात. कुठल्या निसटतात, ते शोधून पत्राने कळवा. उत्तर पुढच्या अंकात.

नकलेत चुका शिरतात, हे कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी आपल्या लोकांना ठाऊक होतं. ज्ञानेश्वरी १२९० साली सांगितली गेली. छापखाना नव्हता. लोक पोथीवरून पोथी उतरवत. कुणाचा शब्द सुटे, कुणी आपल्या पदरची ओवी घाली, आणि पुढचा माणूस त्या चुकीसकट उतरवून घेई. जवळपास तीनशे वर्षं असं चाललं. मग पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठभेद तपासून शुद्ध प्रत तयार केली. त्यांच्याकडे चेकसम नव्हता. ओवीला ओवी लावून पाहायची, दुसरा इलाजच नव्हता.

आम्हीही तेच केलं, फक्त यंत्राने. मूळ इमेज घरच्या लॅपटॉपवर होती, ती मी कंटाळा करून पुसली नव्हती. या वेळी आळस कामी आला! दुसऱ्या दिवशी लॅपटॉप शाळेत नेला, तेराही तुकड्यांचे चेकसम काढले. बारा जुळले, आठवा चुकला. तो एक तुकडा नव्याने घेतला, परत तपासला, जुळला. आणि मग मधल्या सुटीच्या आधी सुरू केलेली इमेज मधली सुटी संपताना उतरून झाली. एकही लाल ओळ नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, थांबा रे!

पेनड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर चालू केला. काळा पडदा. ‘नो बूटेबल डिव्हाइस’.

खरं सांगू का, त्या क्षणी मला रडू आलं असतं. सगळं पहिल्यापासून करायचं मी ठरवलंच होतं. तेवढ्यात एक मुलगी, एरवी वर्गात फारशी बोलत नाही ती, म्हणाली, ‘‘बाई, याला आज तारीख किती आहे तेच कळत नाहीये. २०१२ दाखवतोय.’’

शाबास! तिथेच उत्तर होतं. कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवर रुपयाएवढा गोल सेल असतो. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. डिस्क बसवताना भाऊंनी तो जुना सेल काढून नवा घातला होता. चांगल्यासाठीच! पण सेल काढला की घड्याळाबरोबर कॉम्प्युटर आपल्या बाकीच्या सवयीही विसरतो आणि कारखान्यातून आला तसा होतो. त्यातली एक सवय म्हणजे डिस्कवरून सुरू कसं व्हायचं. एक आहे जुनी पद्धत, लेगसी. दुसरी नवी, यूईएफआय. जुन्या पद्धतीत कॉम्प्युटर डिस्कचं पहिलं पान वाचतो. नव्या पद्धतीत एका खास विभागात ठेवलेली फाइल शोधतो. आमचं विंडोज जुन्या पद्धतीचं, कॉम्प्युटर मात्र आता नव्या पद्धतीने शोधायला लागला. घर तेच, पाहुणा मागच्या दाराची कडी वाजवतोय! मग ‘घरात कुणी नाही’ असं म्हणून परत जाणारच.

सुरू करताना एक ठरावीक बटण दाबलं, आमच्याकडे ते डिलीट आहे, तुमच्याकडे एफ २ असेल, की या सवयींचा तक्ता उघडतो. तिथे लेगसी निवडलं, तारीख आजची केली, जतन करून बाहेर आलो. विंडोजची खिडकी उजळली! इमेज पहिल्यापासून बरोबरच उतरली होती. परत उतरवून काहीही झालं नसतं, पुन्हा तोच काळा पडदा आला असता.

पालकहो, दोन गोष्टी तुमच्यासाठी. घरोघरी फोटो आहेत, बारशाचे, लग्नाचे, आणि ते एकाच डिस्कवर किंवा एकाच मोबाइलमध्ये आहेत. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वर पसरली, माणसंही दगावली, फायलींचे ढीग जळाले. ज्या कागदांची आधी कॉम्प्युटरवर नक्कल करून ठेवली होती ते वाचले. बाकीच्या फायली इतर कार्यालयांतल्या प्रती गोळा करून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. म्हणून नक्कल त्याच कपाटात ठेवून उपयोग नसतो. एक तरी दुसऱ्या इमारतीत हवी, मामाकडे ठेवा हवं तर.

आणि नक्कल आहे एवढ्यावर झोपू नका, ती उतरते का ते बघा. ‘टॉय स्टोरी २’ तुमच्या मुलांनी पाहिला असेल. तो तयार होत असताना, १९९८ मध्ये, कुणीतरी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने सिनेमाच्या बहुतेक फायली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट होत नाहीये हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! वाचवलं कुणी? गॅलिन सुस्मन या तिथल्या तांत्रिक दिग्दर्शिकेने. घरी तान्हं बाळ म्हणून त्या घरून काम करत होत्या आणि घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती. तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणला म्हणे.

आता कपाटातली डिस्क. अकरा आवाज मिळाले होते, बाराव्याचं काय?

आधी एक इशारा. डिस्क सतत टकटक करत असेल, कॉम्प्युटरला दिसतच नसेल, तर घरी काहीही करू नका आणि झाकण तर मुळीच उघडू नका. धुळीचा एक कणही पुरतो. त्यासाठी खास प्रयोगशाळा असतात, त्या पैसे बरेच घेतात. आमची डिस्क अडखळत का होईना, दिसत होती. भाऊंनी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा प्रोग्रॅम लावला. हाही फुकट आहे. त्याची पद्धत तुम्हाला आवडेल, परीक्षेत मी सांगते तीच. आधी सोपे प्रश्न सोडवायचे, अडलं की पुढे जायचं, कुठे अडलं ते लिहून ठेवायचं, आणि शेवटी वेळ उरला की त्या अवघड प्रश्नांकडे परत यायचं. तो डिस्कचे चांगले भाग आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, खराब जागांची यादी ठेवतो आणि मग एकेका खराब जागेला परत परत विचारतो, ‘आता येतंय का?’ मध्ये वीज गेली तरी यादी असते, तिथून पुढे सुरू. जुन्या डिस्कवर तो एक अक्षरही लिहीत नाही.

दोन रात्री आणि एक दिवस चाललं. अगदी थोड्या जागा शेवटपर्यंत वाचता आल्या नाहीत. बारावी फाइल मिळाली! सतरा मिनिटांची.

त्या मुलाला जवळ बसवलं आणि सगळ्यांनी मिळून ऐकली. आजोबांचा आवाज स्वच्छ होता. साडेअकराव्या मिनिटाला ते म्हणतात, ‘‘आम्ही वाड्याच्या माडीवरून बघत होतो, पाणी वाढत वाढत...’’ आणि आवाज थांबतो. त्या न वाचता आलेल्या जागांपैकी बऱ्याच नेमक्या इथे होत्या. जवळजवळ दीड मिनिट काही नाही. मग आजोबा पुन्हा बोलायला लागतात, तेव्हा ते कुणीतरी आणून दिलेल्या खिचडीबद्दल सांगत असतात.

मुलाने घरी जाऊन आजीला विचारलं. आजी १९६९ मध्ये नाशिकला नव्हत्या, लग्नच व्हायचं होतं. पण ही गोष्ट त्यांनी आजोबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलीय की पाणी कुठवर आलं, माडीवरून काय दिसलं, कोण कुणाच्या खांद्यावर बसून आलं, सगळं त्यांना पाठ आहे. येत्या शनिवारी त्या शाळेत येणार आहेत, मधलं दीड मिनिट सांगायला. रेकॉर्डिंग झाल्यावर मोबाइलमधलं काही म्हणजे काही पुसायचं नाही, असं पोरांनी मला आत्ताच बजावून ठेवलंय.